पी-व्हॅल्यू ०.०५ च्या खाली आली, पण फरक कामाचा आहे का? थीसिस करणाऱ्यांसाठी पायरी पायरीने

थीसिसचा डेटा गोळा झाला की सगळे एकच विचारतात, "सिग्निफिकंट आलं का?", म्हणजे पी-व्हॅल्यू ०.०५ च्या खाली आली का. आलं तर पार्टी, नाही आलं तर तोंड पडतं, आणि गाईडसुद्धा बऱ्याचदा पहिलं हेच विचारतात. मग व्हायवाला (तोंडी परीक्षेला) बाहेरचे एक्झामिनर पानं उलटत शांतपणे म्हणतात, "बरं, पी ०.०३ आहे, मग उद्यापासून ओपीडीत तुम्ही वेगळं काय करणार?" आणि तिथे भल्याभल्यांची दातखीळ बसते. माझी एमडी होऊन गेली, आता ज्युनिअर्स एक्सेल शीट घेऊन येतात आणि प्रत्येकाला तेच तेच सांगावं लागतं, म्हणून एकदा नीट लिहून काढतेय. उदाहरणं मेडिकलची आहेत कारण मला तीच येतात, पण शेतीचे प्रयोग असोत, एमएडचा प्रोजेक्ट असो नाहीतर कंपनीतलं ए-बी टेस्टिंग, हिशोब सगळीकडे हाच.

बसायच्या आधी हाताशी काय काय हवं

- मंजूर झालेली सिनॉप्सिस, म्हणजे अभ्यासाचा आधी लिहिलेला आराखडा (त्यात प्रायमरी आऊटकम, म्हणजे मुख्यतः काय मोजायचं, ते काय लिहिलंय ते पान उघडून ठेवा)
- कच्च्या डेटाची एक्सेल शीट आणि कोणत्या कोडचा अर्थ काय याचा कागद
- तुमच्याच विषयावरचे आधीचे तीन-चार पेपर
- सॉफ्टवेअर: कॉलेजात एसपीएसएस असेल तर उत्तम, नसेल तर जामोव्ही किंवा जॅस्प फुकट आहेत आणि माझ्या मते नवख्या माणसाला जास्त सोपे आहेत. सॅम्पल साईझसाठी (किती माणसं घ्यायची ते काढायला) जी-पॉवर, तेही फुकट
- ज्यांनी तुमच्या विषयातले आजार रोज बघितलेत अशा एकदोन सिनियर्सची अर्धा तास वेळ. हे सगळ्यात अवघड

१. पी-व्हॅल्यू नेमकं काय सांगते ते आधी समजून घ्या

समजा दोन औषधांमध्ये खरं तर काडीचाही फरक नाहीये. तरीसुद्धा निव्वळ योगायोगाने तुमच्या डेटात दिसतोय एवढा किंवा त्याहून मोठा फरक दिसायची शक्यता किती, ती पी-व्हॅल्यू. बास, एवढंच. पी ०.०३ म्हणजे "औषध निकामी असण्याची शक्यता ३ टक्के" असा अर्थ होत नाही, आणि फरक मोठा आहे असा तर मुळीच होत नाही. फरक किती मोठा आणि तो कुणाच्या उपयोगाचा हा दुसराच प्रश्न आहे, त्याचं उत्तर पी-व्हॅल्यूकडे नसतंच.

ही काही नवीन तक्रार नाही बरं का. एडविन बोरिंग नावाच्या मानसशास्त्रज्ञाने १९१९ साली यावर लेख लिहिला होता की गणिती महत्त्व वेगळं आणि शास्त्रीय महत्त्व वेगळं. संख्याशास्त्रज्ञ रोनाल्ड फिशरने ०.०५ ची सोयीची मर्यादा आपल्या पुस्तकात दिली ती त्यानंतर, १९२५ साली. म्हणजे इशारा आधी आला आणि सवय नंतर लागली. २०१६ मध्ये अमेरिकन स्टॅटिस्टिकल असोसिएशनने पी-व्हॅल्यूवर अधिकृत निवेदन काढलं त्यातही हा मुद्दा स्पष्ट आहे, की पी-व्हॅल्यूवरून परिणामाचा आकार किंवा त्याचं महत्त्व मोजता येत नाही. व्हायवाला हे निवेदन सांगितलंत तर चांगली छाप पडते, हे आपलं जाता जाता.

२. डेटा उघडायच्या आधी रेघ ओढा

माझ्या मते अख्ख्या प्रकरणातली हीच खरी पायरी आहे आणि हीच सगळे गाळतात. रेघ म्हणजे काय, तर कमीत कमी किती फरक पडला तर तो पेशंटच्या दृष्टीने अर्थपूर्ण म्हणायचा तो आकडा. पेपरांमध्ये याला एमसीआयडी म्हणतात. आणि ही रेघ डेटा बघायच्या आधीच ओढायची, कारण एकदा आकडे दिसले की माणूस रेघ आकड्यांच्या अलीकडे सरकवतोच, तुम्ही कितीही प्रामाणिक असा.

आकडा आणायचा कुठून? पहिलं, छापून आलेले पेपर शोधा. उदाहरणार्थ, जुनाट दुखणं ० ते १० च्या पट्टीवर मोजतात तिथे साधारण २ अंक किंवा सुमारे ३० टक्के दुखणं कमी झालं की पेशंट स्वतःहून "बराच फरक पडला" म्हणतो, असं २००१ च्या एका मोठ्या विश्लेषणात दिसलं आणि तेव्हापासून तो आकडा भरपूर वापरला जातो. म्हणजे तुमच्या फिजिओच्या नव्या पद्धतीने दुखणं सरासरी ०.४ अंकाने जास्त कमी झालं आणि पी ०.०१ आली, तर आधी घाम पुसा आणि विचार करा की ०.४ अंक पेशंटला कळणार तरी आहेत का.

पेपर नाही मिळाला तर सिनियर्सना विचारा, पण प्रश्न नीट विचारा. "किती फरक महत्त्वाचा?" असं विचारलं तर "जेवढा मिळेल तेवढा चांगला" असं उत्तर येतं. त्यापेक्षा असं विचारा, "सर, हीमोग्लोबिन अर्ध्या ग्रॅमने जास्त वाढलं तर तुम्ही ही महागडी गोळी लिहाल का? नाही? मग एका ग्रॅमने?" अशी बोली लावत गेलात की आकडा आपोआप बाहेर पडतो. तो तारखेसकट लिहून ठेवा.

एक गोष्ट लक्षात असू द्या की रेघ माणसागणिक नाही तरी प्रश्नागणिक बदलते. एका पेशंटला गोळी देऊन वरचं बीपी २ मिमीने खाली आलं तर कुणी ढुंकून बघणार नाही, पण अख्ख्या लोकसंख्येच्या जेवणातलं मीठ कमी करून सरासरी बीपी तेवढंच खाली आलं तर पक्षाघाताचे मृत्यू मोजण्याइतके कमी होतात. आकडा तोच, रेघ वेगळी.

३. सॅम्पल साईझ काय चमत्कार करते ते एकदा स्वतः करून बघा

हे कॅल्क्युलेटरवर पाच मिनिटांत होतं आणि एकदा केलं की जन्मभर विसरत नाही. समजा दोन गटांच्या बीपीमध्ये फक्त १ मिमीचा फरक आहे आणि स्टँडर्ड डेव्हिएशन (आकडे सरासरीभोवती किती पसरलेत त्याचं माप) १५ आहे. आता फरक तोच ठेवा, फक्त माणसं वाढवत जा:

- प्रत्येक गटात १०० माणसं: पी साधारण ०.६४
- प्रत्येक गटात १,०००: पी साधारण ०.१४
- प्रत्येक गटात २,०००: पी साधारण ०.०३५, म्हणजे झालं "सिग्निफिकंट"
- प्रत्येक गटात १०,०००: पी ०.००००१ च्याही खाली

औषध तेच, फरक तोच १ मिमी, पेशंटला मिळालं काय तर काहीच नाही. मोठं सॅम्पल म्हणजे सोनाराचा काटा, त्यावर तांदळाचा दाणाही दिसतो, पण तुम्ही बटाटे घ्यायला आला आहात की सोनं ते तुम्हालाच ठरवायचंय. खरं उदाहरण हवं असेल तर २०१४ साली छापून आलेला फेसबुकवरचा तो गाजलेला भावनांचा प्रयोग बघा, ६,८९,००३ लोकांच्या फीडमध्ये फेरफार केला होता, निकाल सिग्निफिकंट होते, आणि इफेक्ट साईझ (फरक स्टँडर्ड डेव्हिएशनच्या किती पट आहे तो आकडा) जास्तीत जास्त ०.०२. (परवानगी न घेता केला म्हणून जो गदारोळ झाला तो वेगळा विषय.)

आता उलटं करा. फरक ८ मिमी, म्हणजे चांगला दणदणीत, पण प्रत्येक गटात फक्त १२ पेशंट. पी येते साधारण ०.२०. "नॉट सिग्निफिकंट" म्हणून फाईल बंद. आपल्याकडच्या पीजी थीसिसमध्ये हा दुसरा प्रकार जास्त होतो, कारण एवढ्याशा काळात पेशंट मिळणार किती.

४. आऊटपुटमध्ये कुठे बघायचं

एसपीएसएसमध्ये इंडिपेंडंट सॅम्पल टी टेस्ट (दोन वेगळ्या गटांच्या सरासरींची तुलना) चालवली की दोन ओळींचा लांबलचक टेबल येतो. डावीकडे लेव्हीन टेस्टचे (दोन्ही गटांतले आकडे सारखेच पसरलेत का ते बघणारी टेस्ट) दोन रकाने, मग टी, मग डीएफ (डिग्रीज ऑफ फ्रीडम), मग पी-व्हॅल्यूचा रकाना (जुन्या आवृत्त्यांत त्याचं नाव 'सिग'), आणि सगळ्यांची नजर तिथे जाऊन थांबते. जरा उजवीकडे सरका. त्याच ओळीत पुढे मीन डिफरन्स आहे, त्याच्या पुढे स्टँडर्ड एरर, आणि अगदी शेवटी ९५ टक्के कॉन्फिडन्स इंटरव्हलचे, म्हणजे खरा फरक साधारण कुठून कुठपर्यंत असू शकतो त्याचे, लोअर आणि अप्पर असे दोन आकडे. तुमचं खरं उत्तर या दोन आकड्यांत आहे, आणि प्रिंट काढताना नेमका तोच भाग दुसऱ्या पानावर जातो आणि हरवतो! पान आडवं करून प्रिंट काढा.

दोन छोट्या सूचना. लेव्हीनच्या शेजारचा 'सिग' हा तुमचा पी नव्हे, तो फक्त वरची ओळ वाचायची की खालची ते सांगतो, दर वर्षी कुणीतरी तोच उचलून थीसिसमध्ये टाकतं. आणि .००० असं दिसलं तर पी शून्य नसते, "०.००१ पेक्षा कमी" असं लिहायचं.

जामोव्ही-जॅस्पमध्ये इफेक्ट साईझ आणि कॉन्फिडन्स इंटरव्हल या चौकटींवर टिक करावी लागते, आपोआप येत नाही.

५. इंटरव्हल रेघेशेजारी ठेवून बघा

समजा तुमची रेघ ५ मिमीची आहे. आता कागदावर एक आडवी पट्टी काढा, ० वर एक खूण, ५ वर एक खूण, आणि तुमचा इंटरव्हल त्यावर मांडा.

०.६ ते १.४ आला: फरक आहे, पण सगळाच्या सगळा रेघेच्या खाली. सिग्निफिकंट आहे आणि बिनकामाचा आहे. हे बिनधास्त तसंच लिहा.

६ ते ११ आला: शून्याच्याही वर, रेघेच्याही वर. इथे पेढे वाटा.

२ ते ९ आला: सगळ्यात जास्त वेळा हाच येतो आणि सगळ्यात जास्त चुकीचा हाच लिहिला जातो. फरक आहे असं म्हणता येतं, कामाएवढा आहे असं अजून म्हणता येत नाही, कारण रेघ इंटरव्हलच्या पोटात आहे.

−४.७ ते २०.७ आला (वरचं ते १२-१२ पेशंटवालं उदाहरण, करून बघा): काहीच कळलं नाही. औषध थोडं नुकसान करणारं असू शकतं, नाहीतर जबरदस्त असू शकतं. इथे "दोन्ही औषधं सारखीच आहेत" असं लिहिणं म्हणजे शुद्ध थाप, आणि जर्नल्समध्ये ही थाप ढिगाने छापून येते.

−१.२ ते १.५ आला: पी मोठीच आहे, पण हा वरच्यापेक्षा एकदम वेगळा. दोन्ही बाजूंनी रेघेच्या खूप आत आहे, म्हणजे कामाएवढा फरक नाही असं तुम्ही ठामपणे म्हणू शकता. मुळातच "सारखं आहे" हे दाखवायचं असेल तर त्यासाठी इक्विव्हॅलन्स टेस्ट असते, जामोव्हीत वेगळं मोड्यूल टाकलं की करता येते, पण रेघ आधी सिनॉप्सिसमध्ये लिहिलेली हवी.

शेवटच्या दोन्हींत पी ०.०५ च्या वरच आहे. नुसती पी बघणाऱ्याला दोन्ही सारखेच दिसतात.

६. टक्के बघितले की आधी विचारा, कशाचे टक्के?

इथे एक खरा अभ्यास नीट सोडवू. अमेरिकेत २२,०७१ पुरुष डॉक्टरांवर ॲस्पिरिनचा प्रयोग झाला, निम्म्यांना एक दिवसाआड ॲस्पिरिन, निम्म्यांना खोटी गोळी. १९८८ साली पहिला निकाल आला: ॲस्पिरिन गटात ११,०३७ पैकी १०४ जणांना हार्ट अटॅक, खोट्या गोळीच्या गटात ११,०३४ पैकी १८९ जणांना. हे चार आकडे घ्या आणि स्वतः करा.

१०४ भागिले ११,०३७ म्हणजे ०.९४ टक्के. १८९ भागिले ११,०३४ म्हणजे १.७१ टक्के. पी एक लाखात एकापेक्षाही कमी, त्याबद्दल वादच नाही. आता हाच निकाल तीन प्रकारे सांगता येतो.

"हार्ट अटॅक ४५ टक्क्यांनी कमी!" खरं आहे. बातमीत हेच येतं.

"धोका ०.७७ टक्क्याने कमी." हेही खरं. म्हणजे सुमारे ५ वर्षं १३० माणसांनी गोळी घेतली तर एकाचा हार्ट अटॅक टळतो, याला एनएनटी म्हणतात, १ भागिले ०.००७७ केलं की झालं.

"कोरिलेशन ०.०३४." हेही खरंच. (कोरिलेशन म्हणजे दोन गोष्टींचं नातं किती घट्ट ते, ० म्हणजे काहीच नातं नाही.) संख्याशास्त्रातल्या जेकब कोहेनच्या पट्टीवर कोरिलेशन ०.१ म्हणजे 'लहान', हे तर त्याच्याही खाली. आणि तरीही हा निकाल इतका महत्त्वाचा वाटला की प्रयोगाचा ॲस्पिरिनचा भाग मुदतीआधीच थांबवला, कारण पलीकडच्या पारड्यात हार्ट अटॅक होता.

म्हणून ही पट्टी, किंवा दोन सरासरींच्या फरकासाठीचा ०.२ लहान, ०.५ मध्यम, ०.८ मोठा हा कोहेनचा तक्ता डोळे मिटून चिकटवू नका. खुद्द कोहेनचं म्हणणं होतं की दुसरा काही आधार नसेल तेव्हाच हे आकडे वापरा. तुमच्याकडे रेघ आहे, मग तक्ता कशाला?

ॲस्पिरिनची गोष्ट तिथे संपत नाही. निरोगी वयस्कर लोकांवर पुढे मोठा प्रयोग झाला, १९,११४ जण, निकाल २०१८ ला आला, फायदा दिसला नाही आणि मोठा रक्तस्राव मात्र वाढला. २०२२ पासून अमेरिकेच्या तज्ज्ञ गटाची शिफारस आहे की साठीनंतर, आधी हृदयाचा आजार नसेल तर, प्रतिबंध म्हणून ॲस्पिरिन नव्याने सुरू करू नये. फायदा छोटा असला की तोट्याचा थोडासा आकडाही पारडं फिरवतो.

७. किंमत मांडा: पैसे, त्रास, वेळ

स्वादुपिंडाच्या कॅन्सरमध्ये जेमसिटाबिन या औषधासोबत एर्लोटिनिब हे दुसरं औषध देऊन बघितलं होतं, ५६९ पेशंट. मीडियन आयुष्य (निम्मे पेशंट ज्याहून जास्त जगले तो काळ) ६.२४ महिने विरुद्ध ५.९१ महिने, पी ०.०३८. सिग्निफिकंट, अमेरिकेत २००५ मध्ये मान्यताही मिळाली. आता ६.२४ वजा ५.९१ करा. ०.३३ महिने, म्हणजे साधारण दहा दिवस. त्यात अंगावर पुरळ आणि जुलाब जास्त, आणि औषध महाग.

पण थांबा, त्याच अभ्यासात एक वर्षानंतर जिवंत असलेले २३ टक्के विरुद्ध १७ टक्के होते. हा आकडा बघितला की चित्र इतकं भिकार वाटत नाही. म्हणून एकाच आकड्यावरून हसू नका, आणि एकाच आकड्यावरून नाचूही नका. पेशंटच्या नातेवाईकांसमोर बसून हे दोन्ही आकडे आणि महिन्याचा खर्च सांगता आला पाहिजे, डिस्कशन चॅप्टरमध्ये हेच लिहायचं असतं.

कंपनीवाल्यांसाठी उलटं उदाहरण: वेबसाईटवर खरेदीचं प्रमाण ५.० वरून ५.१ टक्के झालं, दोन्हीकडे दहा-दहा लाख लोक, पी साधारण ०.००१. फरक एवढासा, पण दहा लाखांमागे हजार ऑर्डर जास्त. बटणाचा रंग बदलून हे मिळालं असेल तर घेऊन टाका, त्यासाठी अख्खी टीम सहा महिने बसवायची असेल तर हिशोब करा.

८. लिहायचं कसं

क्रम असा ठेवा: फरक किती, मग इंटरव्हल, मग पी, मग रेघेशी तुलना. म्हणजे साधारण असं: "नव्या पद्धतीने दुखणं सरासरी १.१ अंकाने जास्त कमी झालं, ९५ टक्के इंटरव्हल ०.३ ते १.९, पी ०.००८. आम्ही आधी ठरवलेली २ अंकांची मर्यादा या इंटरव्हलच्या बाहेर आहे, त्यामुळे हा फरक पेशंटला जाणवेल असं म्हणता येत नाही." (आकडे नमुन्यादाखल.) असं वाक्य लिहिलं की एक्झामिनरला विचारायला फारसं उरत नाही.

हमखास पडायचे खड्डे

वीस गोष्टी तपासायच्या आणि एक सिग्निफिकंट आली की तिचाच जयजयकार करायचा. कशातच फरक नसला तरी वीस स्वतंत्र टेस्टमध्ये एक तरी ०.०५ च्या खाली यायची शक्यता ६४ टक्के असते. म्हणून ते सिनॉप्सिसचं पान उघडं ठेवायला सांगितलं.

"गट अ मध्ये आधी-नंतरचा फरक सिग्निफिकंट, गट ब मध्ये नाही, म्हणून अ चांगला." हा तर आपल्याकडचा राष्ट्रीय खड्डा. अ ची पी ०.०४ आणि ब ची ०.०७ असू शकते आणि दोघांत तसूभरही फरक नसू शकतो. दोन गटांची थेट एकमेकांशी तुलना करा.

पी ०.०६ आली की "सिग्निफिकन्सकडे झुकणारा कल" असं लिहिणं. ०.०४ आली असती तर "सिग्निफिकन्सपासून दूर झुकणारा" लिहिलं असतंत का?

आणि पी मोठी आली की काही जण सॉफ्टवेअरमध्ये तोच मिळालेला फरक टाकून मागाहून पॉवर (खरा फरक असेल तर तो पकडायची अभ्यासाची ताकद) काढतात आणि "पॉवर कमी पडली" असं लिहितात, कधीकधी जर्नलसाठी पेपर तपासणारा रिव्ह्युअरच तसं मागतो. ती पॉवर म्हणजे पी-व्हॅल्यूच, फक्त कपडे बदलून आलेली, तिच्यात नवीन माहिती शून्य. रिव्ह्युअरला नम्रपणे कळवा की त्याऐवजी इंटरव्हल दिला आहे आणि आमची रेघ त्याच्या आत आहे की बाहेर ते टेबल अमुकमध्ये लिहिलंय. पुढच्या बॅचला किती पेशंट लागतील ते काढायचं असेल तर जी-पॉवरमध्ये रेघेचा आकडा टाका, तुमच्या डेटात योगायोगाने आलेला फरक नको.